दोबिन्यीची नाव आणि वाझ नदीचे काठ

गोदाकाठ

फ्रान्सच्या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकलेचा विषय निघाला की आपल्याकडे मोने, रेन्वार, व्हॅन गॉग यांच्यावर भरभरून बोललं जातं. त्यांच्या आधीच्या पिढीतला शार्ल-फ्रांस्वा दोबिन्यी (१८१७–१८७८) मात्र बऱ्याच जणांना नावानेही माहीत नसतो. मला हा चित्रकार फार प्रिय आहे. संथ नदी आणि तिचा काठ हे एकच दृश्य त्याने वर्षानुवर्षं रंगवलं. त्याबद्दल सविस्तर बोलावं असं केव्हापासून मनात होतं, म्हणून हा धागा.

सुरुवातीला एकच चित्र घेऊ. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं १८५९ सालचं एक छोटं तैलचित्र आहे. लाकडी फळीवर काढलेलं, उंची जेमतेम २० सेंमी आणि रुंदी त्याच्या दुप्पट. नदीचं पाणी, काठाची झाडं, त्यांची पाण्यात उतरलेली सावली आणि काही बदकं. एवढंच. पुराणातली कथा नाही, पडका किल्ला नाही, क्षितिजावर एखादा नाट्यमय डोंगरही नाही. त्या काळात निसर्गचित्राला प्रतिष्ठा हवी असेल तर त्यात देवदेवता किंवा इतिहासातला एखादा प्रसंग घालायची रीत होती. दोबिन्यीनेही तरुणपणी इटलीची वारी केली, 'प्री द रोम' या मानाच्या पारितोषिकासाठी खटपट केली. ते मिळालं नाही. पोटासाठी तो पुस्तकांना चित्रं काढून देत राहिला. आणि मग तो वाझच्या खोऱ्याकडे वळला. लहानपणी तिथल्याच वाल्मोंदवा गावात तो दाईच्या घरी वाढला होता.

वाझ ही काही फार मोठी नदी नाही. बेल्जियममध्ये उगम पावते आणि पॅरिसच्या वायव्येला कोंफ्लांपाशी सेनला मिळते. १८५७ साली दोबिन्यीने एक सपाट तळाची नाव घेतली, तिच्यावर लाकडी खोली बांधून घेतली आणि तिचा चक्क स्टुडिओ केला. नावेचं नाव 'बोतँ'. अकरा-बारा वर्षांचा मुलगा कार्ल हा तिच्यावरचा पोऱ्या, आणि मित्र कोरो (तोही थोर निसर्गचित्रकार, वयाने वीसेक वर्षांनी मोठा) याला त्यांनी मानाचं 'अ‍ॅडमिरल'पद बहाल केलेलं. वाझ, सेन, मार्न या नद्यांवर तो उन्हाळ्यात या नावेतून फिरायचा. जेवण, झोप, रंगकाम सगळं पाण्यावरच.

या नावेमुळे चित्रात काय बदललं, तेच मला मुख्यतः सांगायचं आहे. नदीचं चित्र काढणारा सहसा काठावर बसतो. मग चित्राच्या तळाशी त्याच्या पायाखालची जमीन येते: थोडं गवत, चार दगड, पायवाट. पाहणाऱ्यालाही उभं राहायला जागा मिळते. दोबिन्यीच्या कितीतरी चित्रांत ही जागाच नाही. चौकटीच्या खालच्या कडेलाच पाणी सुरू होतं, दोन्ही काठ बाजूंनी निमुळते होत लांब जातात आणि आपण प्रवाहाच्या मध्यावर असतो. डोळ्यांची पातळी पाण्यापासून हात-दोन हात वर. काठ त्यामुळे किंचित उंच, जवळ आणि मोठा वाटतो. साधी लव्हाळ्याची किंवा गवताची कडसुद्धा भारदस्त दिसते. त्याच्या चित्रातल्या शांततेचं मूळ मला या बैठकीत दिसतं. तो नदीकडे पाहुणा म्हणून पाहत नाही.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी मूळ चित्रं पाहिली आहेत त्यांनी तर जरूर लिहा.

पाऊलवाट

लेख आवडला, पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. अशी चित्रं मला जरा जास्तच गोड वाटतात. १८५७ म्हणजे मिले या चित्रकाराने कापणीनंतर शेतात सांडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या ते साल. त्या वाकलेल्या पाठी बघवत नाहीत, इतक्या खऱ्या आहेत. त्याच सुमारास दोबिन्यी नावेतून बदकं बघत फिरतो आहे. गावातली माणसं कुठे आहेत? पॅरिसच्या पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यात लावायला सोयीचा खेडेगाव, असं हे नाही का?

गोदाकाठ

पाऊलवाट, शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर त्याच्याच दुसऱ्या कामात सापडतं. १८६२ साली त्याने या नौकाप्रवासावरच्या एचिंग्जचा (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रांचा) संच प्रसिद्ध केला. तो पाहाच! एका चित्रात तो नावेतल्या खोलीत आपल्याकडे पाठ करून रंगवत बसला आहे, भोवती सामानाचा पसारा, समोरच्या उघड्या बाजूतून नदी दिसते. दुसऱ्यात पोऱ्या नाव सोडून निघाला म्हणून मासे आनंदाने उड्या मारताहेत. आणि एका चित्रात धूर ओकणाऱ्या आगबोटी शेजारून जाताहेत आणि त्यांच्या लाटांनी बिचारी बोतँ हेलकावे खाते आहे.

म्हणजे ती नदी अजिबात निवांत नव्हती. उत्तर फ्रान्सचा कोळसा कालव्यांमधून वाझमध्ये आणि तिथून पॅरिसला जायचा; मालाच्या पडावांची मोठी वर्दळ होती. १८४६ पासून तर पॅरिस-लील लोहमार्ग याच खोऱ्यातून धावत होता. दोबिन्यीला हे सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि एचिंगमध्ये ते त्याने हसत हसत नोंदवलंही. तैलरंगात मात्र त्याने यातलं बरंचसं वगळलं. आगबोट निघून गेल्यावर पाणी पुन्हा स्थिर होण्याची वाट पाहायची आणि मग ब्रश उचलायचा, असा निर्णय त्यामागे आहे. मी त्याला पळवाट म्हणणार नाही. नदी झपाट्याने बदलत असताना तिचं कोणतं रूप टिपून ठेवायचं हे त्याने ठरवलं होतं.

आणि माणसं आहेत बरं का. धुणं धुणाऱ्या बायका, पाण्यावर आलेली गुरं, मासेमारीच्या होड्या त्याच्या कितीतरी चित्रांत आहेत. फक्त त्या झाडांपेक्षा मोठ्या होत नाहीत. मिलेचा विषय माणूस होता, याचा काठ.

कॅनव्हास

गोदाकाठ, डोळ्यांच्या पातळीचा मुद्दा अगदी नेमका. मी जलरंगात निसर्गचित्रण करतो, त्यामुळे थोडी कारागिरीची भर घालतो.

पाण्याकडे आपण किती तिरकं बघतो त्यावर पाणी काय दाखवणार ते ठरतं. उंचावरून खाली पाहिलं की नजर पाण्यात शिरते. तळाचा चिखल, शेवाळ, पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो. नजर पाण्याला जवळजवळ समांतर असली की पृष्ठभाग आरसा होतो आणि आभाळ परत करतो. आमचा ग्रुप वाईजवळ मेणवलीच्या घाटावर चित्रं काढायला जातो, तिथे हे सहज पडताळता येतं. वरच्या पायरीवर बसलं तर कृष्णा हिरवट-मातकट दिसते. तीच कृष्णा अगदी शेवटच्या पायरीवर, पाण्याला लागून बसलं की रुपेरी होते, आणि समोरच्या काठाची झाडं पूर्ण उतरतात. दोबिन्यी या शेवटच्या पायरीच्याही पुढे जाऊन बसला होता. त्याच्या चित्रात लांबचं पाणी लख्ख आणि अगदी पुढ्यातलं पाणी गडद, किंचित पारदर्शक असतं ते यामुळेच. पुढ्यातल्या पाण्याकडे तो वरून बघतोय, लांबच्याकडे तिरका.

दुसरं म्हणजे प्रतिबिंबाचे टोन. नवशिके झाड आणि त्याचं प्रतिबिंब एकाच रंगात करतात. नीट पाहिलं तर पाण्यातला उजेड किंचित मंद होतो आणि काळोख किंचित उजळतो. म्हणजे दोन टोकं एकमेकांकडे सरकतात. दोबिन्यी हा फरक इतका थोडक्यात ठेवतो की चित्र उलटं धरलं तरच तो कळावा. वरचं झाड तो जाडसर, तुटक फटकाऱ्यांनी करतो आणि पाण्यातलं झाड लांब, सपाट, आडव्या फिरवणीने. रंग जवळपास तेच, फक्त हात बदलतो. पाणी 'दाखवण्यासाठी' एकही लाट काढावी लागत नाही.

तिसरं, चौकट. उंचीच्या दुप्पट रुंदी ही अवघड चौकट आहे. त्यात काहीही उभं भव्य करता येत नाही, सगळं आडवं पसरतं. डोळा डावीकडून उजवीकडे सरकत राहतो, नावेतून जाताना सरकतो तसा. मोठ्या कॅनव्हासवरही त्याने हीच प्रमाणं वापरली आहेत.

अनवट

कॅनव्हास यांचा प्रतिसाद जपून ठेवला.

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. नावेत बसून, समोर पाहून रंगवायचं, तपशील सोडून उजेड पकडायचा. हे सगळं ऐकताना दोबिन्यी मोने-रेन्वारसारखा इम्प्रेशनिस्टच वाटतो. मग त्याला बार्बिझोनच्या, म्हणजे त्या खेड्याभोवती निसर्गचित्रं काढणाऱ्या आधीच्या पिढीच्या चित्रकारांत का धरतात?

गोदाकाठ

अनवट, त्या इम्प्रेशनिस्ट मंडळींचं पहिलं प्रदर्शन १८७४ मध्ये झालं, तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा, नावाजलेला चित्रकार होता. तो त्यांच्या प्रदर्शनात सहभागी नव्हता. त्याचे करडे, मातकट हिरवे, तपकिरी रंगही जुन्या पिढीचे. मोनेच्या पॅलेटवरची निळी-जांभळी सावली त्याच्याकडे शोधून सापडत नाही. पण त्यांच्यावर जे आरोप पुढे झाले ते त्याच्यावर आधीच होऊन गेले होते. १८६१ मध्ये तेओफिल गोतिए या वजनदार समीक्षकाने लिहिलं की इतकी खरी, इतकी सहज दृष्टी असलेला हा माणूस पहिल्या ठशावरच समाधान मानतो आणि तपशिलाकडे दुर्लक्ष करतो, त्याची चित्रं म्हणजे कच्चे आराखडे आहेत. पुढची पंधरा-वीस वर्षं तरुण चित्रकारांना हेच ऐकावं लागलं.

आणि या तरुणांच्या पाठीशी तो ज्या तऱ्हेने उभा राहिला, त्याबद्दल मला त्याच्याविषयी विशेष आदर आहे. पॅरिसचं वार्षिक 'सालों' प्रदर्शन म्हणजे चित्रकाराच्या पोटापाण्याचा प्रश्न. तिथे नाकारलं गेलं की गिऱ्हाईक मिळणं कठीण. दोबिन्यी परीक्षक मंडळावर निवडून यायचा आणि पिसारो, रेन्वार, सेझान यांच्यासाठी भांडायचा. १८७० मध्ये मोनेचं काम नाकारलं गेलं तेव्हा त्याने परीक्षकपदाचा राजीनामा दिला. कोरोही त्याच्याबरोबर बाहेर पडला. स्वतःचं बस्तान बसलेल्या माणसाला हे करण्याची काहीच गरज नव्हती.

त्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि बरेच चित्रकार लंडनला गेले. मोने तिथे तरुण, कफल्लक. पॅरिसचा चित्रविक्रेता पोल द्युरां-रुएल हाही लंडनमध्येच आलेला. दोबिन्यीने या दोघांची गाठ घालून दिली. द्युरां-रुएलने पुढे मोने आणि त्याच्या मित्रांची चित्रं वर्षानुवर्षं विकत घेतली, कुणी घेत नव्हतं तेव्हाही. ती ओळख झाली नसती तर मोनेची त्यापुढची वर्षं किती बिकट गेली असती, याचा विचार करून पाहा.

मोनेने परतल्यावर आर्जांतय इथे सेन नदीवर स्वतःची स्टुडिओ-नाव केली. त्या नावेत रंगवत बसलेल्या मोनेचं चित्र १८७४ मध्ये माने या दुसऱ्या चित्रकाराने काढलं, ते म्युनिकला आहे.

थेम्सकर

मी लंडनमध्ये राहतो. धाग्याच्या सुरुवातीला उल्लेख आलेलं बदकांचं चित्र मी नॅशनल गॅलरीत पाहिलं आहे. पहिल्यांदा धक्का बसतो तो आकाराचा. छापील पुस्तकात सगळी चित्रं सारख्याच मापाची दिसतात. प्रत्यक्षात हे दोन वह्या शेजारी ठेवल्याएवढं. गुडघ्यावर ठेवून रंगवता येईल असं.

जवळ गेलं की बदकं नाहीशी होतात. उरतात फिकट आणि काळपट रंगाचे इवलेसे ठिपके, एका टेकवणीत ठेवलेले. दोन पावलं मागे आलं की ते पुन्हा पोहायला लागतात. झाडांच्या पालवीत ब्रशच्या केसांच्या रेघा दिसतात, रंग घाईने पण नेमका लावलेला. गोतिएला नेमकं हेच खटकलं असणार, आणि आज तिथे थांबावंसं वाटतं तेही यामुळेच.

त्याच संग्रहात त्याने थेम्सच्या दक्षिण काठावरून काढलेलं सेंट पॉल कॅथीड्रलचं चित्रही आहे, १८७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. पाऊलवाट यांनी ते जरूर बघावं. तिथे धूर आहे, मालाची नौका आहे, कळकट हवा आहे. वाझवर त्याने जे वगळलं ते इथे पूर्ण ताकदीने रंगवलं. लंडनच्या नदीला तो खोटी शांतता देत नाही, यावरून वाझची शांतता त्याने मनापासून दिली होती असं मला वाटतं.

सांजवात

वाझकाठच्या ओव्हेर-सुर-वाझ या गावाचा उल्लेख अजून कसा आला नाही? आम्ही पॅरिसहून रेल्वेने गेलो होतो, व्हॅन गॉगची समाधी पाहायला. दोबिन्यीचं घर तिथेच आहे हे तिथे गेल्यावर कळलं आणि सगळा बेतच बदलला.

हे घर त्याने १८६१ च्या सुमारास बांधलं. आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. कोरो आणि दोमिए या चित्रकार मित्रांच्या कल्पनांवर त्यांनी मिळून रंगवलेल्या. मुलीच्या खोलीत भिंतींवर फुलं, पक्षी, मुलांच्या गोष्टींतली दृश्यं आहेत. प्रदर्शनासाठी लोक असं काम करत नाहीत; घरच्यांसाठी, हौसेने केलेलं ते काम आहे आणि मला ते त्याच्या नदीच्या चित्रांइतकंच आवडलं. गावात दोबिन्यीच्या नावाचं एक छोटं संग्रहालयही आहे.

व्हॅन गॉग या गावी मे १८९० मध्ये आला तेव्हा दोबिन्यी जाऊन बारा वर्षं झाली होती, पण त्याची पत्नी अजून गावात होती. व्हॅन गॉगने त्यांच्या बागेची तीन चित्रं काढली. एक लहान, दोन मोठी. मोठ्या चित्रांचं माप ५० बाय १०० सेंमी, म्हणजे पुन्हा उंचीच्या दुप्पट रुंदी! गव्हाच्या शेतावरच्या कावळ्यांचं प्रसिद्ध चित्रही याच मापाचं आहे. भावाला पाठवलेल्या शेवटच्या पत्रात त्याने या बागेचं रेखाटन काढून दिलं होतं. जुलैच्या अखेरीस तो गेला.

मोठ्या दोनपैकी एक चित्र बाझेलला असतं, त्यात पुढच्या बाजूला एक काळं मांजर लगबगीने चाललंय. दुसरं जपानमध्ये हिरोशिमाच्या कलासंग्रहालयात आहे; त्यातलं मांजर नंतर रंगाखाली झाकलं गेलं.

कॅनव्हास

सांजवात, मापाचं वाचून अंगावर काटा आला. २०१६ मध्ये दोबिन्यी, मोने आणि व्हॅन गॉग यांना एकत्र मांडणारं मोठं प्रदर्शन सिनसिनाटी, एडिंबरा आणि ॲमस्टरडॅमला झालं होतं. त्यात या तिघांमधला हा दुवा जोडला होता, हे आठवलं.

पाऊलवाट

सगळे प्रतिसाद वाचले, एचिंगचा संचही शोधून पाहिला. आगबोटींचं चित्र बघून माझं मत बरंच बदललं. तरी एक आक्षेप उरतो. नदीकाठ, संध्याकाळ, बदकं; ही चित्रं त्याने खूपच काढली. विकली जात होती म्हणून पुन्हा पुन्हा तेच काढलं, असं काही चित्रं बघून वाटतं.

गोदाकाठ

हे मला मान्य आहे. त्याच्या नदीकाठांना मागणी होती आणि सगळीच चित्रं सारख्या ताकदीची नाहीत. काहींत झाडांचा एकच साचा, तोच पिवळट सूर्यास्त. अशी दहा चित्रं लागोपाठ पाहिली तर कंटाळाही येतो.

पण शेवटच्या दशकातलं काम पाहा. १८७३ चं बर्फाचं मोठं चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पांढरं शेत, उघडी झाडं, कावळे. रंग सुरीने थापल्यासारखा. १८७४ चं जून महिन्यातल्या शेताचं चित्र पॉपींनी लालभडक पेटलं आहे. विक्रीची खात्री असलेला नदीकाठ हाताशी असताना पन्नाशीच्या पुढे हा माणूस असे धोके पत्करत होता. साच्यातली चित्रं बाजूला ठेवून त्याला या दोन टोकांमध्ये पाहिलं पाहिजे: १८५९ ची बदकं आणि १८७३ चा बर्फ.

अनवट

सुरुवात कुठून करू? परदेशी जाणं सध्या शक्य नाही.

गोदाकाठ

आधी एचिंग्ज. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ती मोठी करून पाहता येतात. नावेतला स्टुडिओ आणि आगबोटी ही दोन चुकवू नका. मग नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर बदकं आणि सेंट पॉल शेजारी शेजारी उघडा. बोर्दोच्या संग्रहालयातलं वाझच्या काठाचं १८५९ चं मोठं चित्र त्यानंतर, म्हणजे छोट्या फळीवरची गोष्ट त्याने मोठ्या कॅनव्हासवर कशी नेली ते कळेल. प्रत्येक चित्रात आधी खालची कड बघा, जमीन आहे का पाणी. आणि जे दिसेल ते इथे येऊन लिहा.